अकराने भाग जातो का?

माझ्या मावशीचा जन्म संशय घेण्यासाठीच झाला असावा. दूधवाल्यावर संशय, भिंतीवरच्या घड्याळावर संशय. मी "जेवले" म्हटलं, तर माझ्या बोटांचा वास घेऊन खात्री करायची. असली माणसं घराला ताप असतात, पण रक्ततपासणीच्या लॅबमध्ये त्यांना किंमत असते. मावशी तिथे आलेले नमुने ताब्यात घेते.

नळीवर नाव नसतं, नऊ आकडी नंबर असतो. पहिले आठ आकडे नळ्या येतील तसे ओळीने वाढत जातात. नववा असा बेततात, की अख्ख्या संख्येला अकराने पूर्ण भाग जावा. टाइप करताना शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, की भाग जात नाही आणि चूक उघडी पडते. हे संगणक बघतो, पण मावशीचा विश्वास संगणकावर तरी कुठला? ती एकाआड एक आकड्यांची बेरीज करते, उरलेल्यांची वेगळी करते, आणि वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली तरच नळी पुढे सरकवते.

मागच्या महिन्यात त्याच लॅबमधून आईचा रिपोर्ट आला. रक्ताचा कॅन्सर. आई आणि मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. मावशी मात्र कागद हिसकावून नंबरच बघत बसली. ४०७३१८६५९.

"चार, सात, एक, सहा, नऊ... सत्तावीस. शून्य, तीन, आठ, पाच... सोळा. अकरा उरले." तिचं तोंड उतरलं. भाग जात होता.

पण तिच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना.

"अकराला एक खोड आहे," ती म्हणाली. "मधला एक सोडून दोन बाजूंच्या आकड्यांची अदलाबदल झाली, तर बेरजा तशाच राहतात. शेवटचे सहा आणि नऊ बदल. ४०७३१८९५६. यालाही भाग जातो! ही नळीसुद्धा त्याच सकाळची असणार. टाइप करणारा सारखा मोबाइलमध्ये डोकं घालून असतो. ताई, हा रिपोर्ट तुझा नाहीच."

"मग कोणाचा?" आईने विचारलं.

मावशी चपला घालून निघूनही गेली. एरवी तिच्या शंकांना मी नाक मुरडते; त्या दिवशी तिच्याच बाजूने होते. आजार दुसऱ्या कोणाला तरी निघावा, असंच मी मागत होते, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

लॅबमध्ये तिने फ्रीजमधून दोन्ही नळ्या काढायला लावल्या आणि दोन्ही पुन्हा तपासून होईपर्यंत त्या टाइप करणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहिली. "मी काय चोर आहे का, मावशी?" तो वैतागला. "ते कळेलच," ही म्हणाली.

संध्याकाळी ती परतली ती बोलतच. "उद्या पुन्हा रक्त घेऊ. मशीन जुनं झालंय त्यांचं. दुसरीकडे दाखवू..."

"नळ्या बदलल्या होत्या का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग बस इथे."

मावशी बसली आणि तिचा बांध फुटला. "लोकांच्या इतक्या चुका पकडल्या गं मी, ताई. मला एक सापडू नये?"

आईने तिला रडू दिलं. मग पदराने तिचं तोंड पुसून म्हणाली, "आता डॉक्टर तू शोध. तुझा ज्याच्यावर विश्वास बसेल, त्याच्याचकडे मी जाईन."