मिलिंददादाची मेमू

दादाचे हात आधी गेले. बाकीचा दादा काल सकाळी गेला.

मोटर न्यूरॉन डिसीज. नसांचा आजार. औषध नाही. एकदाच लिहितो, म्हणजे फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

मी इथे फारसं लिहीत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, तेवढंच. पण माझ्या भावाचे बरेच मित्र इथे आहेत आणि ते त्याला रेल्वेच्या मॉडेल्समुळे ओळखतात. म्हणून त्याच्या शेवटच्या गाडीबद्दल लिहितोय.

दादा भिवंडीला एका गोदामाच्या ऑफिसात होता. लोकलने वसईला उतरायचं आणि तिथून दिव्याच्या मेमूने, म्हणजे जवळच्या अंतराच्या विजेवरच्या पॅसेंजरने, पुढे. बरीच वर्षं.

त्या गाडीचं तयार मॉडेल कुठे मिळत नाही. मोठमोठ्या एक्स्प्रेसची मिळतात. मेमूचं कोण घेणार?

म्हणून त्याने कन्व्हर्जन किट मागवलं. त्यात पूर्ण गाडी नसते. नुसत्या प्लास्टिकच्या बाजू आणि ड्रायव्हरच्या केबिनचं तोंड. साध्या डब्याचं मॉडेल घ्यायचं, त्याच्या बाजू कापून काढायच्या आणि या चिकटवायच्या. मोटरी त्याने दोन मोडक्या परदेशी मॉडेल-इंजिनांतून काढल्या होत्या. छपरावरचा, तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ तिसऱ्याच कशाचा तरी होता.

पार्सलवाल्याने विचारलं होतं, "अंकल, बच्चे के लिए मंगाया?"

दादा म्हणाला, "हाँ. साइन कहाँ करूँ? बच्चा मैं ही हूँ."

पुढचा मोटरडबा त्याने स्वतः केला. मागचा करायला घेतला आणि चिमट्यातून स्क्रू पडायला लागले.

आधी त्याने चष्म्याला दोष दिला. मग चिमट्याला. मग एक दिवस हातातून चहाचा कप पडला आणि वहिनी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.

त्यानंतर दर रविवारी मी माझ्या घरून, हाटकेशहून, पेणकरपाड्याला त्याच्या घरी जायला लागलो. हात माझे, डोकं त्याचं.

"सुन्या, सोल्डर लावतोयस का जिलेबी पाडतोयस?"

"मी अकाउंट्सचा माणूस आहे, दादा."

"ते दिसतंय. एका डब्याला इयर एंडिंगइतका वेळ लावलास."

वहिनी आतून ओरडायची, "जरा नीट बोला हो, भाऊजी पळून जातील."

"कुठे पळतोय? त्याची चप्पल माझ्या खुर्चीखाली आहे."

मग आवाजही गेला.

डोळे मिटले म्हणजे हो. एकटक बघत राहिला म्हणजे नाही. एवढंच उरलं.

दादा आहे तोवर गाडी चालली पाहिजे, हे एकच माझ्या डोक्यात होतं. मधले डबे झालेच नव्हते. म्हटलं, दोन्ही टोकांचे मोटरडबे जोडून निदान चालवून तरी दाखवू.

मागच्या डब्याची वायरिंग राहिली होती. मी विचार केला, हा डबा उलट्या तोंडाने लागणार, म्हणजे वायरीही उलट्या जोडायला हव्यात. मला ते अगदी पटलं. दादाला समजावत समजावत मी जोडत होतो. तो माझ्याकडे बघत होता.

मला वाटलं, ऐकतोय.

टेबलावर रूळ मांडले. करंट दिला.

गाडी जागची हलली नाही. नुसती थरथरत उभी राहिली. पुढची मोटर पुढे ओढत होती, मागची मागे. मला वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून मी करंट वाढवला. जळका वास आला.

वहिनी दारात उभी होती. हळूच म्हणाली, "भाऊजी, हे मघापासून नाही म्हणतायत."

मी वर बघितलं. तो अजून बघतच होता.

नंतर मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तेव्हा कळलं. डबा फिरवला की त्याच्याबरोबर मोटरही फिरते, आणि रुळांतून तिला मिळणारा करंटही आपोआप उलटा होतो. वायरी वेगळ्या उलटवायच्याच नसतात. दादाला हे माहीत होतं. सांगायला त्याच्याकडे फक्त डोळे होते आणि मी सोल्डरकडे बघत होतो.

मागची मोटर जळाली ती जळालीच. तशी दुसरी मिळेना. ग्रुपवर सांगितलं तसा मी तिचा गिअर काढून टाकला, म्हणजे चाकं मोकळी फिरतील.

पुढच्या रविवारी पुन्हा करंट दिला. त्याने केलेला डबा ओढत होता, माझा मागून घरंगळत होता.

गाडी टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. पडू नये म्हणून मी हाताने धरली.

दादाने डोळे मिटले.

वहिनी म्हणाली, "हो म्हणाले."

मला वाटलं, दमला असेल. डोळे बराच वेळ मिटलेलेच होते. मी करंट बंद केला.

त्यानंतर तो टेबलाजवळ बसू शकला नाही. पलंग, श्वासाचं मशीन आणि वहिनी. त्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याला सोपं मरण आलं नाही.

काल खूप जण म्हणाले, सुटला. असेल. मला ते ऐकवत नाही.

ग्रुपमधल्या काही जणांनी नवी मोटर बसवून, मधले डबे लावून गाडी पूर्ण करून देतो म्हटलंय. तुमचे मनापासून आभार. पण नको.

दादाने ती जशी चालताना बघितली, तशीच राहू दे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम येत्या रविवारी सकाळी, त्याच्याच घरी. जमेल त्यांनी या. वहिनीसमोर सगळे दबून बोलतात. तिच्याशी त्याच्या गाड्यांबद्दल बोला, तिला चालेल.

जयभीम, दादा.