उलटी केली तरी न सांडणारी बाटली

बोदवड स्टेशनवर मला सोडायला अर्धी गल्ली आली होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जपानला पीएचडीला चाललो होतो. तिथे नेमकं काय करणार, हे आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, मी आदल्या दिवशी पुन्हा एकदा समजावलं होतं. काही रेणू द्रवात सोडले की आपापले जुळतात, जाळं विणतात आणि द्रव घट्ट होतो. त्याला जेल म्हणायचं. नानांनी फलाटावर सगळ्यांना एका दमात सांगून टाकलं, "खरवस बनवणार, पण खायाचा नाही."

तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना हे दुखणं ठाऊक असेल. गल्लीत एकाचा मुलगा पूल बांधायचा, दुसऱ्याचा सुया टोचायचा. नानांकडे दाखवायला काहीच नव्हतं. शेजारच्यांच्या फोनवर त्यांचा दर वेळी एकच हट्ट, येताना थोडं घेऊन ये. त्यात लोक 'काय करतो' एवढ्यावर थांबत नसत, 'परत कधी येतो' हेही विचारत. मग नाना विषय कपाशीच्या भावावर नेत.

शेवटी मी एक बाटली नेली. आमच्या लॅबमध्ये ती उघडून उलटी धरली तरी थेंब सांडत नसे, आणि जांभळ्या दिव्याखाली आतलं जेल हिरवंगार चमके. नेली ती मे महिन्यात. बारा महिने एकाच तापमानाच्या खोलीत बसून मी, बोदवडचा माणूस, आमचा मे विसरलो होतो. ओट्यावर गर्दी जमवून नानांनी बाटली उघडली, ऐटीत उलटी केली, आणि निम्मं जेल सरबतासारखं त्यांच्या नव्या धोतरावर. आईने आधी धोतराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

उरलेली बाटली मी घाईघाईने माठाखालच्या ओल्या वाळूत रोवली. संध्याकाळी जेल पुन्हा घट्ट झालं, उलटं धरलं तरी जागचं हललं नाही, सोबत आणलेल्या दिव्याखाली चमकलंही. सगळे खूश. नानांनी मात्र विचारलं, "गार झालं की आपोआप जुळते?" मी अभिमानाने हो म्हटलं.

"मंग तू तठी जपानात काय करतो?"

हा प्रश्न मला तोंडी परीक्षेतही कोणी विचारला नव्हता.

मी परत गेलो, तिथेच नोकरीला लागलो आणि राहिलो. बाटली नानांकडे राहिली. आता माझ्या परतण्याचं कोणी विचारलं की ते सांगतात, "त्याचं काम अठीच्या, बोदवडच्या उन्हात टिकत नाही. तो तरी काय करीन?"

खरं तर एक फ्रिज पुरला असता. हे मला कळतं, आणि नानांनाही कळतं, कारण पुढच्याच वर्षी आमच्याकडे फ्रिज आला आणि आईची कुरकुर ऐकत नानांनी बाटली त्यातच ठेवली. घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. भर मे महिन्यात नाना ती घट्ट, गारेगार बाटली फ्रिजमधून काढतात, पाहुण्यांपुढे उलटी धरून दाखवतात, आणि तरीही सांगतात, अठी ते टिकत नाही.