न जोडलेलं पत्र

आमचे भावोजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. माझी बहीण गेल्यापासून तर घर आणि बाइंडिंगचं दुकान, एवढंच त्यांचं जग. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधली. फाटलेलं पान दिसलं की ह्यांचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. पातळ कागदाची पट्टी आणि खळ लावून असं जोडायचे, की कुठे फाटलं होतं ते पुस्तकाच्या मालकालाही सापडू नये.

एकुलती एक मुलगी परदेशात, एकटी. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. फोनवर तिने एकच मागितलं, "बाबा, मला आत नेतील तेव्हा तुम्ही बाहेर असा." भावोजींचा जीव टांगणीला लागला. व्हिसासाठी कागद जमवले आणि काय केलं असेल या माणसाने? हॉस्पिटलचं मूळ पत्र, दुकानाचे कागद, बँकेचे कागद, सगळं सुई-दोऱ्याने शिवून, निळ्या कापडाचा पुठ्ठा घालून चक्क पुस्तक बांधलं. मी म्हटलं, अहो, कागद सुटे द्यायचे असतात. तर म्हणे, साहेबांच्या हातून एखादा इकडेतिकडे व्हायला नको.

व्हिसाच्या कचेरीत मी सोबत होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. काचेमागच्या अधिकाऱ्याने ते पुस्तक उलटसुलट केलं आणि विचारलं, हे कुठल्या एजंटाने बनवून दिलं? मी स्वतः बांधलंय, असं भावोजी भाबडेपणाने सांगायला गेले, तर तो हसला. मग दोरा न सोडवताच त्याने हॉस्पिटलचं पत्र खसकन ओढलं. ते डॉक्टरांच्या सहीतून उभं फाटलं. दोन तुकडे आमच्यासमोर धरून वर हाच सांगतो, फाटका कागद चालत नाही. आणि एकदा गेलात की तुम्ही कशाला परत येताय, हेही ऐकवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"कागद फाटका आहे असं लिहा, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "पण कोणी फाडला, तेही लिहा."

त्याने फक्त नामंजूरचा शिक्का मारला.

ऑपरेशनला बारा दिवस होते. मूळ सहीचं नवं पत्र मुलीकडून टपालाने यायला दहा तरी लागणार. मी हात जोडले, भावोजी, हे जोडा आणि उद्याच दुसरा अर्ज करा, कुणाच्या बापाला कळणार नाही. ते ऐकेनात.

"मी जोडलं, तर त्याने फाडलंच नाही असं होईल," म्हणाले. आणि जोडलेलं कुणी ओळखलं तर खोटा कागद म्हणून दार कायमचं बंद, ही धास्ती वेगळीच. मी तावातावाने खूप बोलले. त्यांनी तक्रार लिहिली आणि दोन्ही तुकडे तसेच सोबत लावले.

तेराव्या दिवशी बोलावणं आलं. वरच्या जागेवरच्या एक बाई होत्या. त्यांनी तुकडे जुळवून पाहिले, त्या दिवशीचं कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं, माफी मागितली, पत्र परत दिलं आणि तिथल्या तिथे व्हिसा मंजूर केला. ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं. नातेवाइकाच्या सहीच्या जागी शेजारणीने सही केली होती.

पुढचं मुलीनेच मला फोनवर सांगितलं. बाबा पोचले, उशाशी बसले. त्यांच्या पिशवीत तिला ते पत्र दिसलं. बाबांच्या हाताखाली असं फाटकं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, हे का नाही जोडलं? तेव्हा भावोजी रडायला लागले.

"जोडलं असतं, तर वेळेवर आलो असतो का गं?"

व्हिसा संपायच्या तीन दिवस आधी भावोजी परत आले. पत्राचे दोन तुकडे दुकानाच्या खणात आहेत. खळीचं भांडं त्याच खणावर असतं.