रोडग्यांची पंगत आणि वरच्या गावची गार

देवावर माझी श्रद्धा आहे, पण बरीच वर्षं त्याच्याहून थोडा जास्त भरवसा माझा माझ्यावरच होता, हे आधीच कबूल करून टाकते. जानेफळच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर गच्चीवर पर्जन्यमापक बसवलं आणि रोज सकाळी वर जाऊन वहीत नोंद करायची सवय लावून घेतली. पाऊस किती, वारा कुठून, ढग कसले, गार पडली तर केवढी. हे काम मला कुणी दिलं नव्हतं आणि सुरुवातीला कुणी विचारतही नव्हतं. मग दोन-चार अंदाज खरे निघाले आणि गाव विचारायला लागलं. हरभरा काढायचा असो की मांडव घालायचा असो, माणूस दारात उभा. "मॅडम, येते का आज पानी?" मी चष्मा कपाळावर सारून आभाळाकडे बघायची आणि सांगायची. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे हनुमान जयंतीला रोडग्यांचा भंडारा असतो. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. मारुतीचं देऊळ नाल्याच्या उंच काठावर आहे, समोर मोठा दगडी ओटा. पण चैत्रात ओटा तव्यासारखा तापतो, म्हणून पंगत खाली कोरड्या नाल्याच्या रेतीत बसते. दोन्ही काठांवरच्या करंजांची तिथं दाट सावली असते. भंडारा गयामायचा. ऐंशी वर्षांची, शेतकऱ्याच्या घरची, गावात तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. आदल्या दोन दिवसांत इकडेतिकडे अवकाळी पाऊस झाला होता, म्हणून त्या सकाळी तिनं मला बोलावून घेतलं. "पोरी, नाल्यात बसवू का लोकायले?" मी वही चाळली, वारा बघितला आणि ठामपणे सांगितलं, "बसव माय. गावात आज थेंब पडायचा नाही." आणि खरंच, त्या दिवशी गावात थेंबसुद्धा पडला नाही.

दुपारी तीनच्या सुमारास शेवटची पंगत बसली. दीडदोनशे माणसं, त्यात सकाळपासून राबलेल्या बाया सगळ्या. मी वही घेऊन ओट्याच्या कडेला सावलीत उभी होते, कारण वरच्या डोंगराकडे मला एक नामी ढग सापडला होता. दोन-अडीच तासांपूर्वी तो फुलकोबीच्या गड्ड्याएवढा होता. आता त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला होता आणि पोटात काळंनिळं झालं होतं. गडगडाट मध्ये थांबत नव्हता, जात्यासारखा सलग चालला होता. सलग गडगड म्हणजे बहुतेक गार, हे मला माहीत होतं. मी सगळं व्यवस्थित टिपलं, दिशा लिहिली, वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, "गावापासून लांब, इकडे येणार नाही." किती खूश होते मी स्वतःवर. तीस वर्षं मुलांना मातीचा ढीग करून, वरून तांब्याने पाणी ओतून मी शिकवत आले होते की पाणी पडतं एकीकडे आणि जातं दुसरीकडे. आणि आमचा नाला त्याच डोंगरातून येतो, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात मागच्या कच्च्या रस्त्यानं एक मोटारसायकल आली. मागे दोन कॅरेट बांधलेले, त्यांत टरबुजं. माणूस पन्नाशीचा, डोक्यावर जाळीची टोपी. देवळाजवळच्या हापशीवर चिखलाचे पाय धुवायला तो थांबला. मी सहज बघितलं आणि बघतच राहिले, कारण इतक्या रणरणत्या उन्हात तो नखशिखांत भिजलेला होता. गाडीचा आरसा फुटलेला, कपाळावर टेंगूळ. विचारलं तर म्हणाला, "वरच्या गावात सापडलो मॅडम. पाऊन तास गारायनं कुटलं. रस्ता पांढरा फक झाला, मंग असं पानी पडलं का समोरचं दिसेना." मी म्हटलं, इकडून कसे काय? "मी या रस्त्यानं कधी येतच नाही. डांबरीवर झाड आडवं झालं, म्हनून इकून आलो." आणि मी मास्तरीण आहे हे चेहऱ्यावरूनच कळलं की काय कोण जाणे, त्यानं न विचारताच कॅरेटात हात घातला आणि फुटक्या टरबुजांमधून एक गार काढून माझ्या तळहातावर ठेवली.

अर्धी वितळून गेली होती, तरी लिंबाएवढी होती. आत कांद्यासारखे पापुद्रे. अशा गारा पाऊण तास, आणि त्यावर तसा पाऊस. वरचं गाव त्याच डोंगरात, आणि तिथलं सगळं पाणी आमच्याच नाल्यात उतरणार होतं. मी नाल्याकडे बघितलं. खाली माणसं वरणात रोडगे कुस्करत होती. त्यांना तिथं मी बसवलं होतं.

आमच्याकडे जेवत्या माणसाला उठवत नाहीत. पंगत म्हणजे पंगत. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पहिला उठत नाही, आणि देवाच्या अन्नावरून उठणं तर पापच. लग्नातली भांडणंसुद्धा लोक पंगत संपेपर्यंत दाबून ठेवतात. क्षणभर मला वाटलं, थोडं थांबू, दहा मिनिटांत आटोपेल. खरं सांगायचं तर पापाची भीती नव्हती ती, लाजेची होती. सकाळी छातीठोकपणे सांगितलेलं दुपारी परत घ्यायचं, तेही सगळ्या गावासमोर. मी मारुतीकडे पाहिलं. मागितलं काही नाही, मागायला सुचलंच नाही. नुसतं म्हटलं, माझी अक्कल संपली, आता तू बघ. आणि पायऱ्या उतरून गेले.

शाळेत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा तो आवाज लावून ओरडले, "उठा सगळे, नाल्याला पाणी येतंय." हात थांबले, पण उठलं कुणी नाही. वर ऊन होतं, खाली रेती कोरडी होती. गयामायचा पुतण्या म्हणाला, "मॅडम, सकाळी तर तुमीच म्हनल्या पानी नाही म्हनून." मी म्हटलं, "म्हटलं होतं. माझं चुकलं." तीस वर्षांत हे वाक्य मी चारचौघांत उच्चारलं नव्हतं. "जेवत्या मानसाले काऊन उठवता मंग?" त्याचंही बरोबरच होतं. मी सरळ गयामायपुढे जाऊन हात उघडला. ती गार तेव्हा बोराएवढी उरली होती. माय बघत राहिली. "कोनं देली?" मी वर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बोट केलं. तिनं गारेला बोट लावून ते कपाळाला टेकवलं, स्वतःची पत्रावळ दोन्ही हातांवर घेतली आणि गुडघ्याचा आवाज करत उठली. "पान उचला अन् चढा. अन्न टाकू नका. मारोतीपाशी पुरं करू."

मग जे घडलं त्याचा मला आमच्या गावाविषयी मरेपर्यंत अभिमान वाटेल. कुणी वाद घातला नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. दीडदोनशे माणसं पत्रावळी तळहातांवर तोलत, ओघळणारं वरण कोपरापर्यंत येऊ देत पायऱ्या चढली. बायांनी लेकरं कडेवर आणि रोडगे पदरात घेतले. चार गड्यांनी वरणाचा गंज वर आणला, भाजीचा गंज आणायला ते वळले तोच मायनं त्यांना दटावून थांबवलं. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा. मग खडखड ऐकू आली आणि वळणावरून पाणी आलं. तांबडं, कमरेच्याही वर, पुढे तुराट्या आणि फेस. पंगत बसली होती ती जागा आमच्या डोळ्यांदेखत गेली, भाजीचा गंज गेला. आणि त्या गढूळ पाण्यावर, जिथं थेंब पडला नव्हता त्या गावातून, पांढऱ्या गारा तरंगत चालल्या होत्या.

पंगत ओट्यावर पुरी झाली. भाजी नव्हती, म्हणून त्या फळवाल्यानं आपली फुटकी टरबुजं कापून पानापानावर वाढली. मायनं त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि रोडगा चुरून दिला. तो कोण, कुठला, हे विचारायचं त्या गडबडीत राहूनच गेलं. पुढे मी मेहकरच्या बाजारात दोनतीनदा शोधलं, भेटला नाही. झाड पडलं हा वाऱ्याचा परिणाम आणि तो आला हा रस्त्याचा, असं माझी वही म्हणेल. मी तिच्याशी भांडत नाही. मी त्याच्यासाठी रोज हात जोडते, एवढंच.

जेवण झाल्यावर मी मायपाशी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "आमाले नाल्यात बसोलं ते तू. उठोलं ते त्यानं." मला जरा लागलंच. ओरडून घसा माझा बसला आणि श्रेय गेलं मारुतीला. पण विचार करत गेले तसं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ढग बघायचे, लिहायचे, सांगायचे, हे माझं काम आहे आणि ते मी मान ताठ ठेवून करणार. फक्त जे मला दिसत नाही तेही कुणीतरी बघत असतं, आणि ते सांगायला आलेल्यासाठी हात उघडा ठेवायचा असतो.

संध्याकाळी आरतीला माझा आवाज फुटेना. एरवी मी सगळ्यांच्या वर सूर लावते. त्या दिवशी नुसती उभी राहिले आणि ऐकत गेले. मायचा कापरा आवाज, पुतण्याचा भसाडा, रोडगे भाजणाऱ्या बायांचे, कडेवरच्या लेकरांच्या किलकाऱ्या. डोळे मिटून मी एकेक आवाज ओळखत होते. सगळे होते.