साहेब येऊ देत

बंडीत हात घालून जानव्याला बांधलेली किल्ली चाचपायची आणि म्हणायचं, "साहेब येऊ देत." आमच्या क्रीडांगणाच्या चिटणीसांना याहून जास्त बोलताना फार थोड्यांनी ऐकलं असेल. किल्ली मैदानाच्या फाटकाची. साहेब म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर. ते उद्घाटनाला येईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम चिटणीसांनीच काढला आणि महाडने मान डोलावली. मान डोलावण्यात आमचं गाव कोणाला हार जायचं नाही.

पुण्याला त्यांनी म्हणे एकदा मोठं क्रीडांगण पाहिलं होतं. तेव्हापासून सावित्रीकाठची भातखाचरं बुजवून इथेही तसंच करायचं त्यांच्या डोक्यात बसलं. केलंही. मुरूम टाकून, दगडी रूळ फिरवून धावण्याचा गोल केला. उडीसाठी वाळूचा खड्डा, बसायला काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि सगळ्यांत वर साहेबांच्या खुर्चीसाठी चौथरा. फक्त धावणारा माणूस तेवढा नव्हता.

मी शाळेत ड्रिलमास्तर. माझी मुलं दासगावच्या रस्त्यावर बैलगाड्या चुकवत धावायची आणि शेजारी हा गोल सोवळं नेसून बसलेला. दर दिवाळीला चिटणीस त्यावर चुन्याच्या नव्या रेघा मारून घेत. स्वतः कडेकडेने चालत, तेही वहाणा हातात घेऊन. लोक गुरांसाठी कुंपण घालतात, यांनी माणसांसाठी घातलं.

एका हिवाळ्यात पोलादपूरच्या पलीकडून, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतले पाच-सहा तरुण चालत आले. मैदान झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. घाट चढून-उतरून पाय तयार झालेले, शर्यत लावायची हौस दांडगी. फाटकाला कुलूप पाहून त्यांतला एक चिटणीसांना म्हणाला, "आमी काय नांगर घेऊन नाय आलो, दादा. निस्तं पळनार हाव."

"साहेब येऊ देत. मग पळा हवं तेवढं."

"सायेब बी पळनार हाय काय?"

मी मोठ्याने हसलो. चिटणीस हसले नाहीत. त्यांनी किल्ली चाचपली आणि तरुणांना गूळपाणी देऊन वाटेला लावलं. गूळ चांगला होता, एवढं कबूल करायला हवं.

साहेब काही आले नाहीत. एकाची बदली झाली, दुसऱ्याला ताप आला. तिसरा महाबळेश्वरला जाताना महाडवरूनच गेला. चिटणीस हार घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. मोटार थांबली नाही, टोपीवर धुरळा तेवढा बसला. तो हार त्यांनी आणून फाटकाला घातला.

मला राहवेना. म्हटलं, "चिटणीस, पळायला साहेब कशाला लागतो?"

टोपी झटकत ते म्हणाले, "मास्तर, आपल्याकडे साहेब येतो तो पूर आला की, नाहीतर साथ आली की. एकदा तरी कौतुकाला यावा, एवढंच आहे माझं."

राग होता तो राहिलाच, पण त्यांची कीव आली, आणि कीव आली की मला नीट रागावताही येत नाही.

श्रावणात ते गेले. सावित्री चढली होती, स्मशानाची नेहमीची वाट पाण्याखाली. पलीकडच्या चढावर पोचायला मैदानातून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिरडी घेऊन फाटकापाशी आलो तर कुलूप. किल्ली कुठे आहे ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. भटजींनी कुरकुरत पांढरं कापड बाजूला केलं आणि जानव्याची गाठ सोडवली.

आत मधोमध नुसता चिखल. पाय ठरेल अशी जागा एकच, त्यांनी इतकी वर्षं राखलेला तो गोल. मागून पाणी येत होतं.

"पाय उचला रे," भटजी म्हणाले.

पुढे विस्तवाचं मडकं धरलेला त्यांचा मुलगा, मागे पोटं सुटलेले आम्ही चौघे खांदेकरी. चुन्याच्या पावसातून उरल्यासुरल्या रेघा तुडवत आम्ही अर्धा गोल धापा टाकत धावलो. पायऱ्या रिकाम्या होत्या, चौथराही रिकामा. आमच्या क्रीडांगणाचं उद्घाटन झालं ते असं. चिटणीस खांद्यावर होते आणि साहेब आले नव्हते.