दोन्ही अंगांनी फिरणारी घोडी

पन्नासच्या दशकात मी मालवणला सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीच्या कामाला लागलेला एक टांगेवाला रोज सकाळी बंदराजवळच्या ओल्या, घट्ट वाळूत आपली घोडी लांब दोरावर गोल फिरवायचा. जितक्या फेऱ्या डावीकडून, तितक्याच उजवीकडून. दोर मात्र कधी ताणायचा नाही.

"ओढलंय तर ती आपलो तोल माझ्या हातार टाकता. तो तिचो तिका गावाक होयो," तो म्हणे; तिचा तोल तिचा तिलाच सापडायला हवा, असं त्याचं म्हणणं. बोलताना नजर घोडीच्या मागच्या पायांवर असे.

एकदा साहेब जवळच्या कट्टा गावाला जायला निघाले. मी टांगा आणायला गेलो, तर उजवीकडून फिरताना घोडी मागचा आतला पाय आखडून टाकत होती. त्याने दोर गुंडाळला आणि तो माझ्याबरोबर कचेरीत आला.

"सायबानू, आज ती जुपूची नाय."

"लंगडत तर नाही ना? मग जुंप!"

"अजून लंगडना नाय. जुपलंय तर लंगडतली."

"उद्यापासून कचेरीचं काम बंद तुझं."

"बरां," एवढंच म्हणून त्याने साहेबांची ट्रंक खांद्यावर घेतली आणि एस.टी.पर्यंत पोचवली.

पंधरवड्यात घोडी दोन्हीकडून सारखी फिरू लागली. कचेरीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. दुसरा टांगा ठरवायला साहेबांनी मलाच पाठवलं होतं, आणि मी निमूट गेलो होतो.