पोरीचे कान उत्तम आहेत

माझी पोर चावायची. लाडानं नव्हे, रक्त येईपर्यंत. माझ्या डाव्या दंडावर तिचे दात अजून आहेत, बघायचे तर या. तेल लावायला डोक्याला हात लावला की चावा. शाळेच्या ड्रेसची कॉलर मानेला लागली की टराटरा फाडायची. शेजारणीनं मिक्सर लावला की भिंतीवर डोकं आपटायची, एकदा कपाळ फुटून रक्त डोळ्यात गेलं तरी थांबेना. पेणमधली आमची खोली चाळीतली, भिंती पातळ, त्यामुळे आमचा तमाशा सगळ्यांना फुकट बघायला मिळायचा.

नवरा डोलवीला पोलादाच्या कंपनीत कंत्राटी कामगार. शिफ्ट करून यायचा तो भट्टीचा आवाज कानात घेऊनच यायचा, त्याला घरात शांतता हवी असायची, आणि घरात ही बोंबलत. मग मारायचा. आधी हातानं, पुढे पुढे पट्ट्यानं. मारलं की ती आणखी ओरडायची, ती ओरडली की तो आणखी मारायचा. मी मध्ये पडले की मलाही बसायचे. मुद्दाम करते ती, हे त्याचं पक्कं ठरलेलं.

मला बाकी काही नको होतं. कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसानं त्याला तोंडावर सांगावं की ही पोर मुद्दाम करत नाही. मग तरी त्याचा हात थांबेल, असं मला वाटायचं.

म्हणून डॉक्टर सुरू झाले. पेणला एकानं जंताचं औषध दिलं. त्यानं पोट बिघडलं, ओरडणं तसंच. कानाच्या डॉक्टरनं तिच्या डोक्यावर ते हेडफोनसारखं यंत्र घातलं, तर तिनं ओढून त्याच्याच तोंडावर मारलं, चष्मा फुटला. कशीबशी तपासणी झाली आणि तो म्हणाला, कान उत्तम आहेत. मी म्हटलं, अहो तेच तर सांगतेय, जरा जास्तच उत्तम आहेत, काहीतरी कमी करून द्या. तो हसला. टेबलावरचा पेपरवेट उचलून घालावा टाळक्यात, असं झालं मला. रोह्याच्या लहान मुलांच्या डॉक्टरनं तर औषधही लिहिलं नाही. मांडीवरचे वळ बघितले, नवऱ्याकडे बघितलं आणि मला म्हणाला, लाड कमी करा. बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, बघ, मी काय सांगत होतो. स्टँडवरच त्यानं तिच्या कानाखाली एक ठेवून दिली. एवढी माणसं उभी होती, एकही मेला मध्ये आला नाही.

मग दिराचं लग्न आलं. सासर कोलाडच्या आत, भातशेतीचं गाव. आमच्याकडे हळदीला खालूबाजा लागतोच, ढोल, सनई, झांज, सगळं अंगणात. मी पोरीला मागच्या पडवीत घेऊन बसले होते, कानांवरून टॉवेल बांधून. नणंद आली आणि बघू तरी दे गो तिला, म्हणत तिला ओढत मांडवात घेऊन गेली. ढोलावर टिपरू पडलं आणि पोरीनं नणंदेचं बोट दातात धरलं. सोडीचना. दोन बाप्यांनी मिळून तिचा जबडा उघडला. हळदीच्या ताटात रक्त सांडलं.

तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "वारं हाय गो हिच्या अंगात." झालं. वारं म्हणजे देवच की! चावरी पोर एका क्षणात देवी झाली. तिला पाटावर बसवलं, दोघींनी दंड धरले, कपाळभर मळवट फासला. आणि अंगातलं बोलतं व्हावं म्हणून ढोलवाल्याला अगदी तिच्या कानाशी उभं करून वाजवायला लावलं. मला चौघी धरून होत्या. तू कोण हायस, काय मागतेस, असं सगळे विचारताहेत आणि पोर एकच किंचाळतेय, "बंद करा, बंद करा." तर म्हाताऱ्या एकमेकींना विचारायला लागल्या, देवी काय बंद करायला सांगते? एकीनं सांगितलं, गावातली दारू. दुसरी म्हणाली, नाय, नवऱ्या मुलाचा पत्त्यांचा नाद.

मी एकीच्या पोटात कोपर घातलं आणि सुटले. मांडवाच्या मेढीला केळीचे खुंट तोडायचा कोयता टेकवलेला होता. तो घेतला आणि ढोलावर घातला. कातडं उभं फाटलं, ढोलवाला उताणा पडला. मग जो पुढे येईल त्याच्यावर मी कोयता फिरवत सुटले, घाबरवायला नव्हे, अगदी खरा. सासऱ्यांच्या सदऱ्याची बाही गेली, हात थोडक्यात वाचला. माझा अंबाडा सुटला होता, घशातून कसला आवाज निघत होता कोण जाणे. आणि एकदम सगळे खाली बसले. सासूनं मला हात जोडले. चुकलंमाकलं पदरात घे, आई, म्हणाली. मला! जिला तिनं कधी धड चहा विचारला नव्हता.

काय चाललंय ते कळायला मला जरा वेळच लागला. मग म्हटलं, होऊन जाऊ दे. तशीच घोगऱ्या आवाजात ओरडले, "या पोरीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाय. आणि वाजंत्री पार बांधापलीकडं." सनईवाले, झांजवाले खरंच शेताच्या बांधापलीकडे गेले आणि तिथून वाजवत राहिले.

सासरच्यांनी तो शब्द आजवर पाळलाय. नवराही मांडवात होता, पण तो फसला नाही. पेणला परतल्यावर काही दिवस गप्प होता, मग म्हणाला, नाटकं करतेस. पट्टा पुन्हा निघाला.

पुढे शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून पनवेलला गेलो, मी आणि पोर, दोघीच. तिथली थेरपिस्ट माझ्याहून लहान. तिनं ना कान बघितले ना जीभ. पोरीला गादीवर निजवलं, वर दुसरी गादी टाकली आणि हळूहळू दाब द्यायला लागली. गुदमरेल ना ती, म्हणून मी ओरडणारच होते. आणि माझी पोर, जी कुणाला बोट लावू देत नाही, ती गादीखालून म्हणाली, "अजून." मी तिथेच ढसाढसा रडले. मग त्या मुलीनं मला समजावलं. हलका हात हिला टोचतो, घट्ट धरलेलं बरं वाटतं. आवाज, उजेड, कपडा, सगळं एकदम अंगावर येतं, आणि जीव वाचवायला ही चावते. सेन्सरी प्रोसेसिंगची अडचण, असं त्याचं नाव. तिनं पुढे मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, बऱ्याच खेपांनंतर त्यांनीही तेच लिहून दिलं. मी म्हटलं, मुद्दाम करत नाही, हेही लिहा. लिहिलं बिचाऱ्यांनी.

नवऱ्यानं कागद वाचला. बरं, म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी कोळ्यांच्या वाडीत जाऊन कोलंबी आणली. आणि त्याच आठवड्यात पोरीनं ताट भिरकावलं तेव्हा तिच्या पाठीवर पट्टा बसला. तिची पाठ कमरेपर्यंत सोलवटली होती.

दुसऱ्या दिवशी तो जेवत होता. पनवेलच्या त्या मुलीनं शिकवलं होतं तसं, पण पाठ सांभाळून, मी पोरीला घट्ट आवळून मांडीवर घेऊन बसले होते.

"आई, माझ्या अंगात कोण येतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाय येत गो. तुला सगळं जास्त लागतं, एवढंच. तू तूच हायस."

तिनं बाबांकडं बघितलं. मग म्हणाली, "मग बाबांच्या अंगात कोण येतं?"

त्याचा घास हातातच राहिला. मला सांगता आलं असतं. भट्टी येते, मुकादमाच्या शिव्या येतात, न झालेली झोप येते. खोटंही नव्हतं ते.

"कोणी नाय येत," मी म्हटलं. "तेही तेच हायत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पोरीला पाठीशी घातलं आणि उभी राहिले. उठला असता तर मी त्याला मारलं असतं, आणि ते त्याला माझ्या तोंडावर दिसत होतं. तो बसून राहिला.